चढावरून दिसणारं गाव

स्वामी म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर भगवी कफनी आणि छातीवर रुळणारी दाढी आली असेल, तर ती आधी पुसून टाकावी. आमचे स्वामी आडनावाचे स्वामी. लातूर-उदगीरकडं या आडनावाची लिंगायत जंगम घरं गल्लोगल्ली सापडतात. शिवलिंग स्वामी, प्रयोगशाळा सहायक, संगणक विभाग. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, गळ्यातलं इष्टलिंग शर्टाच्या आत, आणि वरच्या खिशात रंगकामाचा एक जुना ब्रश. सही करायला पेन मागितलं तर चारही खिसे चाचपायचे आणि पेन निघायचं नाही. ब्रश मात्र कधी विसरले नाहीत. त्यानं ते की-बोर्ड झाडायचे, पंख्याची पाती झाडायचे, आणि बोलता बोलता समोरच्याच्या टेबलावरची धूळसुद्धा झाडून मोकळे व्हायचे.

नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी संगणकशास्त्र शिकवते. मी मूळची बिलोलीची. पुण्यात शिकून आले होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. रुजू झाले तो सोमवार होता. लॅबच्या दाराला पुठ्ठ्याची पाटी लटकत होती: ‘आवरणे चालू आहे. हात लावू नये.’ आत सगळे संगणक चालू, प्रत्येकाच्या पडद्यावर रंगीत पट्ट्या हलताहेत, आणि स्वामी हनुवटी तळहातावर टेकवून त्या पट्ट्या बघत बसलेले.

मी विचारलं, “पहिला तास माझा आहे. हे काय चाललंय?”

“आवरून राहिलो, मॅडम.”

ते डिफ्रॅगमेंट करत होते. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. जुन्या संगणकाच्या डिस्कवर फाईल एका जागी बसतेच असं नाही. जिथं मोकळी जागा दिसेल तिथं एक तुकडा टाकते, उरलेला दुसरीकडं. असं करत करत एकाच फाईलचे तुकडे डिस्कभर पांगतात. मग ती उघडायची म्हटलं की वाचणाऱ्या सुईला सगळीकडं धावावं लागतं आणि संगणक रखडतो. डिफ्रॅगमेंट म्हणजे ते तुकडे शोधून एकाशेजारी एक लावणं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा केलं तरी पुष्कळ झालं. स्वामी दर सोमवारी करायचे, उपास धरून.

मी त्यांना हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझं टेबल झाडलं आणि म्हणाले, “तुकडे झाल्याचं काही न्हाई, मॅडम. लांब लांब पडतेत त्याचं वाईट हाय.”

त्या दिवशी माझा पहिला तास वऱ्हांड्यात झाला.

लॅबच्या कोपऱ्यात आठ नंबरचा एक संगणक होता. कॉलेजनं तो कागदोपत्री कधीच निकालात काढला होता. प्राचार्यांच्या परवानगीनं तो स्वामींकडं राहिला. त्यावर विद्यार्थी बसत नसत, मीही बसत नसे, आणि त्यात काय आहे हे कुणी विचारत नसे. एका दुपारी प्रॅक्टिकल संपवून मी घरी निघाले आणि किल्ल्या विसरल्या म्हणून परत आले. स्वामी आठ नंबरपुढं बसले होते. हातात कुठल्याशा मुलानं टाकून दिलेली जॉयस्टिक, आणि पडद्यावर विमान.

विमान चालवण्याचा तो खेळ सगळ्यांना माहीत असतो. खऱ्यासारखं विमान, खऱ्यासारखी घड्याळं, आणि खाली साऱ्या जगाची जमीन. लोक लंडन-न्यूयॉर्क करतात. स्वामींचं एका पंख्याचं छोटं विमान ज्वारीच्या काडाच्या रंगाच्या जमिनीवरून चाललं होतं.

मी मागं जाऊन उभी राहिले. “कुठं निघालात?”

ते दचकले नाहीत. “लातूरच्या धावपट्टीवरनं उडलो. आता नदी वलांडली बगा. आता चढ येतंय.”

जमीन किंचित उचलली. विमान चढावरून पलीकडं गेलं. पुढं नुसतं मोकळं रान, सपाट. पडदा क्षणभर अडखळला. मग त्या रानात एक भिंत उभी राहिली, एक घर, पलीकडं दुसरं, एक झाड, देवळाचा कळस, आणि पटापट घरंच घरं. मला हसू आलं. “अहो स्वामी, कुत्र्याच्या छत्र्यांसारखं उगवतंय की तुमचं गाव.”

स्वामींनी खेळ जागच्या जागी थांबवला. ब्रश खिशात घातला आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, माणूस तिरसट आहे.

पुढच्या सोमवारी, पट्ट्या हलत असताना, ते आपण होऊन बोलले. “त्या दिवशी तुमी हसल्या, त्यात तुमचं काय चुकलं न्हाई. तुमाला म्हाईत नव्हतं.” आणि नजर पडद्यावरून न काढता त्यांनी सांगितलं.

त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं गाव गेलं. ते तेव्हा लातूरला आयटीआयला होते, खोली करून राहत. आदल्या दिवशी गणपती बुडवून खोलीवर झोपले म्हणून वाचले. उजाडल्यावर एका ट्रकनं निम्म्या वाटेवर सोडलं, तिथून चालत निघाले.

“गावाच्या अलीकडं एक चढ हाय. चढावर आलं की गाव दिसतंय. पयला देवळाचा कळस, मग आमची गल्ली. मी चढावर आलो आन् गाव न्हवतं. ढीग बी वाटला न्हाई. नुसतं सपाट, वर धूळ. मला वाटलं, वाट चुकली. मी माघारी फिरलो, मॅडम. चालत राहिलो उलटा. लई लांब गेलो. एका बाईनं हटकलं तवा कळलं की तेच गाव हाय.”

त्यांनी पडद्यावरच्या पट्ट्यांकडं बोट केलं, उगीचच. “माय मातीतनं निघाली दुपारी. बाबा आन् सुमी मागनं निघाले.”

सुमी म्हणजे धाकटी बहीण. ‘मागनं निघाले’ याचा अर्थ विचारायची गरज नव्हती. माघारी फिरलेल्या त्या वाटेत किती वेळ गेला हे स्वामींनाही ठाऊक नव्हतं आणि तेवढा वेळ वाचला असता तर काय झालं असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माणूस आयुष्यभर त्याच वाटेवर चालत असतो, असं मला त्यांच्याकडं बघून पहिल्यांदा वाटलं. मला माझ्या हसण्याची लाज वाटली. अजूनही वाटते.

तर त्यांनी त्या खेळात आपलं जुनं गाव बांधायला घेतलं होतं. खेळात आपल्याला हवी तिथं घरं, झाडं, रस्ते ठेवता येतात, हौशी लोक आपापली शहरं सजवतात. स्वामींनी कुणाला न विचारता इंग्रजी पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचली आणि एकेक घर मांडत गेले. अडचण एकच होती. घरं जितकी वाढत, तितक्या फाईली वाढत, तितके तुकडे पांगत. विमान चढावर यायचं आणि गाव अजून डिस्कवरून यायचं असायचं. दोन-तीन सेकंद समोर सपाट रान. दर वेळी.

“मॅडम, चढावर आलो की गाव दिसलं पायजे. पयल्यापासनं उभं. उगवायला नको.”

हे सगळं मायसाठी होतं. माय पुनर्वसनातल्या नव्या गावी राहायची, जुन्या जागेपासून थोड्या अंतरावर. इतक्या वर्षांत ती एकदाही जुन्या गावाकडं गेली नव्हती. एका दिवाळीला स्वामी घरी गेले तेव्हा ती म्हणाली होती, “शिवा, पडलेलं गावच ध्यानात राहिलंय रे. उभं आठवंना झालंय.”

एवढं एकच वाक्य. स्वामींनी ते धरून ठेवलं. गाव पुरं करायचं, एकदाही न अडखळता चढावरून दिसलं की मायला दाखवायचं. त्यासाठी दर सोमवारचं आवरणं. सगळ्या लॅबचं करायचे ते सराव म्हणून असावं, किंवा एकट्या आठ नंबरचं करणं बरं दिसत नसावं.

नंतर मीही त्यात ओढली गेले. आपल्याला फार कळतं असं मी वर म्हटलंच आहे. डिस्कच्या बाहेरच्या कडेवरचं वाचन आतल्यापेक्षा जलद होतं, हे मीच त्यांना सांगितलं. त्यांनी कुठून तरी एक असा प्रोग्रॅम मिळवला की जो आपण सांगू त्या फाईली बाहेरच्या कडेला नेऊन बसवतो. खेळातलं लंडन, पॅरिस, सगळं त्यांनी आत ढकललं आणि आपलं गाव कडेला आणलं. तीन सेकंदांचे दोन झाले. मी म्हटलं, “विमान जरा हळू चालवा की. घरांना यायला वेळ मिळेल.”

“हळू केलं तर खाली येतंय, मॅडम.”

खरंच येतं. विमानाला थांबता येत नाही, एवढं मला सुचायला हवं होतं.

गाव मांडायचं तर आठवण एका माणसाची पुरत नाही. शनिवारी दुपारी लॅब रिकामी झाली की गावातली वाचलेली माणसं यायची. कुणी नांदेडात नोकरीला, कुणी मुखेडला लेकीकडं राहिलेलं. खुर्ची ओढून आठ नंबरपुढं बसायची आणि भांडायची. आमचं दार पूर्वेला होतं, नाही, पूर्वेला तुमचा गोठा होता. लिंब मारुतीच्या उजव्या हाताला, नाही, डाव्या. स्वामी दोन्ही ऐकून घ्यायचे आणि तिसऱ्याला विचारल्याशिवाय लिंब हलवायचे नाहीत. एकदा एका म्हाताऱ्यानं आपला उंबरठा हातभर पुढं घ्यायला लावला. पुढच्या शनिवारी त्याच्या भावानं तो मागं नेला. स्वामी दोघांनाही हो म्हणाले आणि मधल्या दिवसांत कुठून तरी लग्नातला एक फोटो पैदा केला, त्यात नवरदेवामागं तो उंबरठा होता. मग कुणाचं काही चाललं नाही.

चांदपाशा नावाचे एक शिंपी यायचे. गावात त्यांचं दुकान होतं, आता नांदेडात मशीन टाकून बसले होते. स्वामींशी ते दखनीत बोलायचे आणि स्वामी त्यांच्याशी मराठीत, आणि दोघांचं बिनबोभाट चालायचं.

“स्वामी, दुकान तो बराबर हय. सामने पत्थर की एक सीढ़ी थी.”

“होती, पाशाभाई. विसरलोच.”

“बीवी उधरीच बैठती थी. काज-बटन करती.”

स्वामींनी पायरी ठेवली. चांदपाशांनी पडद्यावर त्या पायरीला बोट लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. बायको भूकंपाच्या त्या पहाटे गेली होती, हे मला स्वामींनी नंतर सांगितलं. चांदपाशा गेल्यावर मी म्हटलं, “इतक्या उंचावरून पायरी काय दिसणार?” तर म्हणाले, “दिसत न्हाई. पण हाय.”

घरांची छपरं हा त्यांचा मोठा अट्टाहास होता. खेळात मिळणारी घरं परदेशी, उतरत्या कौलांची. आमच्याकडच्या जुन्या घरांना माळवद असायचं. दगडामातीच्या भिंती, त्यावर लाकडं, लाकडांवर वीतभर नव्हे, हात-दीड हात मातीचा थर, वरून सपाट. उन्हाळ्यात आत गारवा. गळायला लागलं की दर वर्षी वरून आणखी माती. त्या पहाटे ही सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. स्वामींनी माळवदाचं चित्र स्वतः काढलं. रंग जुळेना म्हणून जुन्या गावठाणातली मूठभर माती कागदात बांधून आणली आणि पडद्याला लावून लावून रंग मिळवला. प्रत्येक घराचं माळवद वेगळं. एकावर वाळवण, दुसऱ्यावर गवत उगवलेलं, एकाच्या कडेला पाण्याची पन्हळ. मी एकदा म्हटलं, एकच चित्र सगळ्यांना वापरा, फाईली कमी होतील, वेग वाढेल. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

अशी वर्षं गेली. कॉलेजात नवे संगणक आले, जुने गेले. नव्या संगणकांना आवरणं लागत नाही, त्यांच्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतंच. सोमवारची पाटी आता फक्त आठ नंबरच्या मानेला लटकायची. आणि एका सोमवारी आठ नंबर आतून टकटक वाजायला लागला.

तो आवाज ज्याला कळतो त्याला पुढचं सांगावं लागत नाही. डिस्क मरायला टेकली होती. स्वामींना ती संथ झाल्याचं आधीच जाणवलं होतं आणि म्हणून ते आता दर सोमवारच्या जागी दर दिवशी आवरत होते. मी न राहवून बोलून गेले. “स्वामी, ती तुमच्या आवरण्यानंच झिजली. सारखं उचल-ठेव, उचल-ठेव. मशीन आहे ती.”

बोलल्याबरोबर मला कळलं की हे आपण दुसऱ्यांदा केलं. स्वामींनी बटण दाबून आठ नंबर बंद केला आणि त्याच्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले, तापलेल्या पोराच्या अंगावर ठेवतात तसा. मग म्हणाले, “निघंल का गाव बाहेर?”

निघालं. मी नवी डिस्क आणली, फिरणारं काही नसलेली, आणि पूर्ण दिवसभर बसून एकेक फाईल त्यावर घेतली. स्वामी त्या दिवशी पाणीसुद्धा प्याले नाहीत. दोन झाडं आणि एका गोठ्याची भिंत तेवढी वाचता आली नाही, ती त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. मग विमान उडवलं. नदी ओलांडली, चढ आला, आणि चढाच्या आधीच लांबून कळस दिसला. गाव उभं होतं. सगळंच्या सगळं, आधीपासून.

माझी टाळी वाजवायचीच काय ती राहिली. स्वामींनी गावावर एक घिरटी घातली आणि विमान परत फिरवलं.

“आता दर सोमवारी काय करू, मॅडम?”

“आता काही आवरायचं नाही. आता मायला दाखवायचं.”

“हाव,” ते म्हणाले. “आता काय अडचण न्हाई.” पण ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी एखादी अडचण शोधून द्यावी. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं ते दोन सेकंद त्यांच्या उपयोगाचेही होते. गाव अडखळत होतं तोवर मायपुढं जायचं नव्हतं.

“तुमी येता का संगं?” त्यांनी विचारलं. बिचाऱ्यांनी मला कधी काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं.

सकाळच्या एसटीनं लातूर, तिथून दुसरी बस. आठ नंबर गोधडीत गुंडाळून स्वामींनी मांडीवर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, “खाली ठेवा की, सीटखाली.” स्वामी म्हणाले, “खाली हादरे बसतेत.” कंडक्टरनं गोधडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पुढं गेला.

पुनर्वसनातलं गाव मी पहिल्यांदाच बघत होते. सरळ रुंद रस्ते, सारखी घरं, एकमेकांपासून लांब लांब. माय दारात बसली होती. लहानशी, कपाळावर भस्म, डावा हात खांद्याच्या वर जात नसलेली. तिनं माझ्या तोंडावरून उजवा हात फिरवला आणि म्हणाली, “तूच का ती मॅडम. पोरगं सांगतंय तुझं.” भाकरी, शेंगांची चटणी, वरण असं जेवण झालं. स्वामी जेवले नाहीत. त्यांनी आठ नंबर घरातल्या टीव्हीला जोडला, खुर्ची पुढं घेतली आणि मायला पाटावर बसवलं.

विमान लातूरहून उडालं. स्वामींचे कान लाल झाले होते. नदी, मग चढ. मी टीव्हीकडं न बघता मायकडं बघत होते.

गाव दिसलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही झालं नाही. स्वामींनी हलकेच एक घिरटी घातली. दुसरी घातली. तिसऱ्या घिरटीला माय हळूहळू बोलायला लागली. “हे मठ. हे सुताराचं. ही पाशाची दुकान. हे आपलं न्हाई, आपलं पुढं. हां. हे.” ती एकेक घर ओळखत गेली आणि स्वामींचा खांदा खाली खाली येत गेला, ओझं उतरल्यासारखा. माझे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांचं काम एका दुपारी पदरात पडताना बघणं हे भाग्य असतं.

“थांबव,” माय म्हणाली. “खाली घे आन् थांबव.”

स्वामींनी विमान गावावर आणून खेळ थांबवला. माय उठली आणि टीव्हीजवळ गेली.

“हे वरचं काढता येतंय का, शिवा?”

“कशाचं वरचं?”

“माळवद.”

“माय, आपल्या गावाला माळवदंच होती.”

“होती म्हणूनच म्हणून राहिले. ही काढ. पत्रे टाक.”

स्वामींनी माझ्याकडं पाहिलं. हातभर उंबरठ्यासाठी फोटो शोधणारा माणूस तो. “पत्रे टाकले तर आपलं गाव दिसणार न्हाई, माय.”

“न दिसू दे. उभं तर राहील.” ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, वाळवण आत घ्यायला सांगावं तशी. “लाग बाबा. दिस बुडायच्या आत व्हायला पायजे.”

दिवस बुडायच्या आत का, हे विचारायची हिंमत आम्हा दोघांनाही झाली नाही. भूकंप पहाटेच्या अंधारात झाला होता. टीव्हीतल्या गावातही दुपार होती, दुपारनंतर संध्याकाळ येणार, मग रात्र. शहाण्या माणसांनी अशा वेळी काही बोलू नये. पण माझ्यातली मास्तरीण गप्प बसेल तर ना. मी म्हटलं, “स्वामी, सोपं आहे. सगळ्या माळवदांच्या चित्रांवर पत्र्याचं एकच चित्र टाका. एका दमात सगळं गाव बदलेल.”

स्वामींचा हात माउसकडं गेलाही होता.

“एकदम नको ग बाई,” माय म्हणाली. “आत लेकरं हायती. माळवद कधी एकदम काढतेत का? एका कडंनं काढावं लागतंय, न्हाईतर माती आत सांडती.”

स्वामींचा हात थांबला. मग त्यांनी खुर्ची टीव्हीच्या जवळ ओढली आणि विचारलं, “कुठनं धरू?”

“सुताराकडनं. तिथं बाळंतीण हाय.”

“आन् आपलं?”

“आपलं शेवटी घे. तवर मी सुमीला उठवते.”

हे ती भ्रमात म्हणाली की शुद्धीत, मला आजतागायत सांगता येणार नाही. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज स्वच्छ होता. स्वामी ‘हाव, माय’ म्हणाले आणि कामाला लागले. त्यांनी खेळ बाजूला सारून मांडणीचा प्रोग्रॅम उघडला. सुताराच्या घराचं माळवद निवडलं, त्याच्या एका कडेचा भाग काढला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. सगळं निघाल्यावर पत्रे ठेवले. मला ठाऊक होतं, हे एका बटणात होतं. त्यांनाही ठाऊक होतं.

त्या दिवसानंतर स्वामी नांदेडला आले नाहीत. रजा वाढवत गेले, मग खटपट करून गावाजवळच्या कॉलेजात बदली करून घेतली. त्यांचं सामान न्यायला दुसरंच कुणी आलं. एकदा फोनवर बोलणं झालं, मायची तब्येत, पाऊसपाणी, असं. छपरांचं मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्या दिवशी मला परतीची शेवटची बस गाठायची होती. निघते म्हणून मी दारात उभी राहिले, पण कुणाचं लक्ष नव्हतं. स्वामी टीव्हीत डोकं घालून बसले होते. माय त्यांच्या पाठीशी उभी राहून एकेका घराचं नाव सांगत होती, आणि आत किती माणसं आहेत तेही, नावं घेऊन, तान्ह्यांसकट. एखादं घर झालं की ती म्हणायची, “झालं? सगळे हायत ना आत नीट?” आणि स्वामी म्हणायचे, “हायत, माय.” सुतारगल्ली पुरी झाली होती. मठाची गल्ली अर्धी व्हायची होती. मायनं दाराबाहेर उन्हाकडं एकदा पाहिलं आणि त्यांना म्हणाली, “हात चालव जरा.” दिवस बुडायला अजून तासभर होता.